निवासवाहनातील गॅसवरचे शीतकपाट : सोलापूरच्या उन्हाळ्यात थंडावा कसा मिळवावा?

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून ‘फिरते घर’ ही कल्पना राज्यातील प्रवाशांच्या परिचयाची होऊ लागली आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय एकाच वाहनात असल्यामुळे मुक्कामासाठी शहर गाठण्याची निकड उरत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने हे वाहन विशेष उपयोगी पडण्यासारखे आहे. पंढरपूर, अक्कलकोट आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर ही तीर्थक्षेत्रे, नान्नजचे माळढोक अभयारण्य, उजनीच्या जलाशयावर येणारे पक्षी आणि हत्तरसंग-कुडल येथील भीमा-सीना संगम ही सारी ठिकाणे एका सहलीत पाहता येतात. मात्र माळावर किंवा नदीकाठी वाहन उभे केले, तर तेथे विजेची जोडणी मिळेलच असे नाही. अशा वेळी अन्न थंड ठेवण्याचे काम बऱ्याच निवासवाहनांत गॅसच्या सिलिंडरवर चालणारे शीतकपाट करते.

या शीतकपाटाविषयी एक तक्रार सार्वत्रिक आहे. ज्योत पेटते, गॅस खर्च होतो, पण आतील दूध दुपारपर्यंत नासते. ही केवळ गैरसोयीची बाब नाही. प्रवासात लहान मुलाचे दूध असते आणि मधुमेही ज्येष्ठांचे इन्सुलिन असते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी काही आठवडे बाहेर चालते. पण तेथेही ‘बाहेर’ याचा अर्थ साधारणपणे २५ ते ३० अंशांपर्यंतची हवा असा असतो. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारी सोलापूरची दुपार त्यात बसत नाही. तेव्हा हे यंत्र कसे चालते, सोलापूरच्या हवेत ते कोठे अडते आणि सामान्य माणसाला ते कसे नीट चालविता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

माठ आणि शीतकपाट

ज्योतीने थंडावा कसा निर्माण होतो, हे कोडे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचा उलगडा घरातील माठाने होतो. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते. ती उष्णता माठातील उरलेल्या पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होते. येथे पाणी उकळत नाही. उकळण्याच्या कितीतरी खालच्या तपमानाला त्याची वाफ होत राहते. भोवतीची हवा कोरडी असणे एवढेच त्यासाठी पुरेसे असते. म्हणूनच सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ उत्तम काम करतो आणि कोकणच्या दमट हवेत तोच माठ तितका गार होत नाही.

गॅसच्या शीतकपाटात पाण्याच्या जागी अमोनिया असतो आणि कोरड्या हवेच्या जागी हायड्रोजन. द्रवरूप अमोनिया हायड्रोजनच्या सान्निध्यात आला की, माठावरील पाण्याप्रमाणेच त्याची झपाट्याने वाफ होऊ लागते. त्यासाठी लागणारी उष्णता कपाटाच्या आतील खणांतून ओढून घेतली जाते. अमोनिया हा साध्या वातावरणीय दाबाला उणे ३३ अंशांवर उकळणारा पदार्थ असल्यामुळे पाण्यापेक्षा फार खालचे तपमान गाठता येते; अगदी बर्फही तयार होतो.

माठातील पाणी संपले की आपण पुन्हा भरतो. शीतकपाटात मात्र तोच अमोनिया पुनःपुन्हा वापरावयाचा असतो. यास्तव वाफ झालेला अमोनिया गोळा करून पुन्हा द्रवरूप करणे आवश्यक ठरते. हे काम ज्योत करून घेते.

ज्योतीचे काम

अमोनिया पाण्यात अतिशय सहज विरघळतो. वाफ झालेला अमोनिया कपाटाच्या मागील बाजूस असलेल्या शोषक नळ्यांत उतरतो. तेथे तो पाण्यात विरघळतो. हायड्रोजन विरघळत नसल्यामुळे तो वेगळा होऊन परत वर जातो. अमोनियायुक्त पाणी तळच्या पात्रातून उकळपात्राकडे येते. या उकळपात्राच्या मध्यभागी एक उभी नळी असते, तिच्या तळाशी गॅसची लहानशी ज्योत पेटत असते आणि ज्योतीचे उष्ण वायू नळीतून वर जातात. म्हणजे ती नळी या यंत्राचे धुराडेच होय. उष्णतेने अमोनियाचे बुडबुडे सुटतात आणि बारीक नळीतून पाण्याला वर उचलतात. पाणी वेगळे होऊन पुन्हा शोषक नळ्यांकडे परतते. अमोनियाची वाफ वरच्या बाजूस असलेल्या संघनकात शिरते. संघनक म्हणजे पत्र्याच्या पातळ पाकळ्या बसविलेली नळी. तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन अमोनियाचा द्रव होतो, तो आतील खणांकडे ओघळतो आणि चक्र पूर्ण होते.

या साऱ्या प्रवासात एकही फिरणारे चाक नाही, पंप नाही, मोटार नाही. बुडबुड्यांची उचल आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ यांवरच सारा कारभार चालतो. अमोनिया आणि पाणी यांवर चालणारे शोषण पद्धतीचे यंत्र फर्दिनां कारे या फ्रेंच अभियंत्याने १८५९-६० च्या सुमारास सिद्ध केले. परंतु त्यात पंप होता. हायड्रोजनची योजना करून पंप काढून टाकण्याची युक्ती बाल्त्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या स्टॉकहोममधील दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधून काढली, आणि इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२५ पासून तिचा व्यापारी वापर सुरू केला. वीज नसलेल्या प्रदेशांत रॉकेलवर किंवा गॅसवर चालणारी अशी शीतकपाटे पुढे अनेक दशके उपयोगी पडली. जागतिक आरोग्य संघटनेचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७४ मध्ये आणि भारताचा १९७८ मध्ये सुरू झाला. त्या काळात जगातील अनेक देशांच्या दुर्गम आरोग्यकेंद्रांत लसी सांभाळण्याचे काम याच जातीच्या कपाटांनी केले. पुढे सौरऊर्जेवरील शीतकपाटांनी त्यांची जागा घेतली. आज हे यंत्र मुख्यतः निवासवाहनांत आढळते.

सोलापूरच्या हवेची कसोटी

या यंत्राविषयी एक गोष्ट मनाशी पक्की करणे अगत्याचे आहे. शीतकपाट थंडी तयार करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. शिवाय ज्योतीची उष्णताही त्याला बाहेरच टाकावी लागते. साधारण १०० लिटरच्या कपाटास दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम गॅस लागतो असे धरले, तर ज्योतीची सरासरी शक्ती सुमारे १६० वॅट होते. तिच्या साहाय्याने आतून उचलली जाणारी उष्णता ४० वॅटच्या आसपास धरू. म्हणजे वाहनाच्या भिंतीमागील अरुंद पोकळीत रात्रंदिवस सुमारे २०० वॅट उष्णता सोडली जात असते. ती तेथून हटली नाही, तर कपाट स्वतःच्याच उष्णतेत कोंडते.

आता सोलापूरच्या हवामानाचा विचार करू. एप्रिल-मेमध्ये येथे दुपारचे तपमान ४० अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे आणि काही दिवस पारा ४३ अंशांपर्यंत किंवा त्याहीवर चढतो. यंत्राच्या नळ्यांत सुमारे २० ते २५ वातावरणांइतका दाब असतो. वीस वातावरणांच्या दाबाला अमोनियाचे द्रवीकरण ५० अंशांच्या आसपास होते. याचा अर्थ असा की, संघनकाभोवतीची हवा ५० अंशांच्या जवळ गेली की अमोनियाची वाफ द्रवरूप होण्यास अडथळा येतो, आणि द्रव नाही तर थंडावाही नाही. बाहेर ४२ अंश असताना कोंदट पोकळीत ५० अंश होण्यास कितीसा वेळ लागणार?

शीतकपाटांच्या पाट्यांवर हवामानवर्गाची खूण असते. ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंतच्या, ‘एसटी’ वर्ग ३८ अंशांपर्यंतच्या आणि ‘टी’ वर्ग ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो. थंड देशातून आणलेल्या वाहनात ‘एन’ वर्गाचे कपाट असेल, तर सोलापूरच्या मे महिन्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. निवासवाहन विकत घेताना किंवा बांधून घेताना ‘टी’ वर्गाची मागणी करावी. तरीही सोलापुरात हे कपाट आपल्या मर्यादेच्या काठावर काम करणार, हे गृहीत धरूनच पुढील व्यवस्था केली पाहिजे.

पाठीमागची हवा

थंडावा कमी पडला की बहुतेक लोक पुढचे दार उघडून आत पाहतात आणि ज्योत मोठी करतात. खरा दोष पुष्कळदा मागच्या बाजूस असतो. निवासवाहनाच्या बाहेरील भिंतीवर दोन जाळीदार झरोके असतात. खालच्या झरोक्यातून गार हवा आत यावी, नळ्यांवरून जाताना तापावी आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडावी, अशी ही रचना आहे. ती परिणामकारक होण्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

वरच्या झरोक्याची वरची कड संघनकाच्या पाकळ्यांहून उंच असावी. ती खाली असेल, तर तापलेली हवा पोकळीच्या माथ्याशी साचून राहते आणि संघनक तिच्यात बुडतो. कपाट आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये फार मोठी मोकळी जागा असेल, तर हवा सोपा मार्ग धरून पाकळ्यांना न शिवताच वर जाते. अशा वेळी पत्र्याचा तिरपा पडदा बसवून हवेला पाकळ्यांमधून जाण्यास भाग पाडावे; पाकळ्या आणि भिंत यांत दोन-अडीच सेंटिमीटरचे अंतर पुरेसे होते. कपाटाच्या वरच्या आणि बाजूच्या फटी बंद असाव्यात. त्यामुळे धुराड्यातील वायू राहत्या भागात येत नाहीत आणि उष्ण हवाही आत शिरत नाही.

एवढे करूनही भर उन्हाळ्यात नैसर्गिक प्रवाह अपुरा पडतो. संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा लहान पंखा वरच्या झरोक्याजवळ, हवा वर व बाहेर ढकलील असा बसविल्यास मोठा फरक पडतो. त्याला वीज अत्यल्प लागते. पंख्याचा झोत ज्योतीवर जाणार नाही, याची दक्षता मात्र घ्यावी.

वाहन कसे उभे करावे, यालाही महत्त्व आहे. झरोक्यांची भिंत दुपारनंतर पश्चिमेच्या उन्हात आली, तर पत्राच तापून जातो. ती बाजू पूर्वेकडे करावी. त्यामुळे दुपारी सावली मिळते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याने ज्योत विझण्याचा संभवही कमी होतो. ताडपत्री किंवा कनात बांधताना झरोके झाकले जाऊ नयेत. काळ्या मातीची धूळ जाळीत आणि पाकळ्यांत साचते. ती मऊ ब्रशाने वरचेवर काढावी.

पाणसळीचे महत्त्व

या यंत्रात द्रव केवळ उताराने वाहतो. वाहन तिरपे उभे राहिले की उतार बिघडतो, द्रव मधेच साचतो आणि उकळपात्र कोरडे पडून अतिशय तापते. नळ्या गंजू नयेत म्हणून आतील द्रावणात क्रोमेट क्षार मिसळलेला असतो. अतितापाने तो क्षार घट्ट होऊन बारीक नळी कायमची बुजवू शकतो. असे झाले की यंत्र दुरुस्तीच्या पलीकडे जाते.

यासाठी गवंड्याची पाणसळ जवळ ठेवावी. ती वाहनाच्या फरशीवर न ठेवता कपाटाच्या बर्फाच्या कप्प्याच्या तळावर, एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवून पाहावी. कपाटाच्या माहितीपुस्तिकेत कलाची मर्यादा दिलेली असते. ती सामान्यतः थोड्याच अंशांची असते. चाकांखाली फळ्या सरकवून वाहन सम करून घ्यावे. प्रवासात वाहन सतत हलत असल्यामुळे द्रव एका जागी साचून राहत नाही. धोका असतो तो उतारावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या वाहनाला. कपाट आडवे करून वाहून आणले असेल, तर उभे केल्यावर लगेच ज्योत पेटवू नये. काही तास ते तसेच उभे राहू द्यावे, म्हणजे द्रव आपापल्या जागी उतरेल.

ज्योत आणि गॅसचा दाब

ज्योत निळी, स्थिर आणि नेमकी धुराड्याच्या मध्यावर असावी. पिवळी, नाचरी ज्योत म्हणजे अर्धवट जळणारा गॅस. तिच्यामुळे उष्णता कमी मिळते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. वाहन काही महिने उभे राहिले असेल, तर बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर हमखास सापडते. धुराड्यात वरून पडलेली गंजाची खपली बर्नरवर बसते. वर्षातून एकदा जाणकाराकडून बर्नर काढून साफ करून घ्यावा. गॅस सोडणारे सूक्ष्म छिद्र, ज्याला ‘जेट’ म्हणतात, ते सुईने कधीही टोकरू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी ज्योतीचे प्रमाण बिघडते. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावा आणि फुंकून वाळवावा.

धुराड्याच्या नळीत पीळ दिलेली पत्र्याची एक पट्टी तारेला टांगलेली असते. उष्ण वायूंना फिरवून नळीच्या भिंतीला लावणे, हे तिचे काम. सफाईनंतर ही पट्टी परत बसवायची राहून गेली किंवा ठरलेल्या उंचीपेक्षा वर-खाली टांगली गेली, तर निम्मी उष्णता आकाशात जाते. ज्योत उत्तम दिसत असूनही कपाट गार का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर कधीकधी या विसरलेल्या पट्टीत असते.

गॅसचा दाबही पाहिला पाहिजे. आपल्याकडील घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस देतो. परदेशी बनावटीची काही कपाटे ३७ किंवा ५० मिलिबारसाठी बनविलेली असतात. अशा कपाटाला ३० मिलिबारचा गॅस दिला, तर ज्योत कायम अशक्त राहते. कपाटाच्या आतील पाटीवर दाब लिहिलेला असतो. तो रेग्युलेटरशी जुळतो की नाही, हे प्रथम तपासावे. जुळत नसल्यास अधिकृत तंत्रज्ञाकडून योग्य जेट बसवून घ्यावा. शेगडीचे दोन्ही बर्नर पेटविल्यावर कपाटाची ज्योत लहान होत असेल, तर नळी अरुंद आहे किंवा रेग्युलेटर थकला आहे, असे समजावे.

युरोपात हिवाळ्यात गॅसमधील ब्युटेनची वाफ होत नाही, म्हणून तेथील पुस्तकांत प्रोपेन वापरण्याचा सल्ला असतो. ब्युटेन सुमारे शून्य अंशाला उकळतो. सोलापूरच्या हिवाळ्यात तपमान इतके उतरत नसल्यामुळे आपल्याकडील प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाची ती अडचण येथे येत नाही.

कपाट भरण्याची रीत

घरच्या विजेवरील फ्रीजची सवय असलेला प्रवासी निघण्याच्या अर्धा तास आधी ज्योत पेटवितो आणि बाहेरच्या तापलेल्या बाटल्या आत रचतो. तो काय मागत आहे, याचा हिशेब करून पाहू. दहा लिटर पाणी ४० अंशांवरून ५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे १,४७० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. वर धरलेल्या ४० वॅटच्या वेगाने एवढी उष्णता काढण्यास १० तासांहून अधिक वेळ लागेल. आणि तोही भिंतींतून व दारातून शिरणारी उष्णता शून्य मानली तर. प्रत्यक्षात तो दिवस आणि ती रात्र दोन्ही जातील.

यास्तव कपाट प्रवासाच्या आदल्या सायंकाळीच सुरू करावे. घरी असताना ते विजेच्या जोडणीवर चालवावे; गॅस वाचतो. रात्रीची गार हवा यंत्राच्या मदतीला येते. दूध, भाजी, पाणी हे घरच्या फ्रीजमध्ये आधीच गार करून मग आत ठेवावे. पिण्याच्या पाण्यासाठी माठ किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली पुरेशी आहे. कोरड्या हवेत ती फुकट गार होते, आणि कपाटाचा थंडावा दूध व औषधे यांसाठी राहतो. खणांत वस्तू दाटीने कोंबू नयेत. हवा खेळती राहिली तरच सर्वत्र सारखा थंडावा पोहोचतो. आतील पाकळ्यांवर बर्फाचा जाड थर चढला असेल तर तो वितळवून काढावा. दाराच्या रबरी पट्टीत कागदाची पट्टी धरून दार बंद करावे. कागद सहज निसटून आला, तर तेथून उष्ण हवा आत जात आहे.

आत एक साधा तापमापक पेलाभर पाण्यात उभा करून ठेवावा. दार उघडताच हवेचे तपमान बदलते, पाण्याचे बदलत नाही. म्हणून पाण्याचे माप विश्वसनीय. ते ५ अंशांच्या आसपास असावे. इन्सुलिन मधल्या खणात, डब्यात घालून ठेवावे. गोठणाऱ्या पत्र्याला ते कधीही टेकू देऊ नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. अतिउष्ण दिवसांत मात्र औषधाची सारी भिस्त या एका कपाटावर ठेवू नये. बर्फाच्या पिशव्यांचा स्वतंत्र डबा सोबत असावा, आणि त्यातही कुपी बर्फाला थेट चिकटू देऊ नये.

दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे?

ही कपाटे सहसा तीन प्रकारे चालतात : गॅसवर, घरगुती विजेवर आणि वाहनाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर. तिन्हींत बदलते ती फक्त उष्णता देण्याची रीत. पुढचे चक्र एकच. या गोष्टीचा उपयोग दोष शोधण्यास होतो.

कपाट सम करून प्रथम २४ तास विजेवर चालवावे व तापमापक पाहावा. नंतर तशाच हवेत २४ तास गॅसवर चालवावे. विजेवर चांगला थंडावा आणि गॅसवर कमी, असे आढळल्यास नळ्या निर्दोष आहेत. दोष ज्योत, जेट, धुराड्यातील पट्टी किंवा गॅसचा दाब यांत आहे. दोन्हींवर रात्री चांगला आणि दुपारी वाईट, असे आढळल्यास हवेचा प्रवाह अपुरा आहे. दोन्हींवर, रात्रीही, थंडावा नाही. उकळपात्र तापले आहे, परंतु तळाच्या शोषक नळ्या गारच आहेत, असे दिसल्यास चक्र तुंबले आहे किंवा आतील वायू निसटला आहे. उकळपात्र व धुराडे यांना हात लावू नये, गंभीर भाजते. मागच्या बाजूस पिवळट भुकटी किंवा अमोनियाचा झोंबणारा वास आल्यास कपाट तत्काळ बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि वाहनापासून दूर व्हावे. या नळ्या कापणे, डाग देणे, भोक पाडणे हे प्रकार घरी किंवा रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये करू नयेत. आत उच्च दाबाचा अमोनिया, ज्वालाग्राही हायड्रोजन आणि विषारी क्रोमेट आहे.

बॅटरीविषयी एक सूचना. १२० वॅटचे कपाट १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी १० तासांच्या आतच रिती होईल. म्हणून बॅटरीचा वापर इंजिन सुरू असतानाच करावा. मुक्कामी गॅस किंवा वीज. उलट, ५ किलोचा लहान सिलिंडर दिवसाला ३०० ग्रॅम या हिशेबाने केवळ कपाटासाठी पंधरवडाभर पुरतो. गॅसवरच्या कपाटाची खरी उपयुक्तता येथे आहे.

सुरक्षितता

वाहन चालू असताना सिलिंडरची झडप बंद ठेवावी, आणि पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी प्रत्येक ज्योत विझली असल्याची खात्री करावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो तळाशी साचतो. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, राहत्या भागापासून अलग असलेल्या कप्प्यात ठेवावा. त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र असावे, आणि ते सामानाने झाकले जाऊ नये. हवेत केवळ दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

जोडांची गळती साबणाच्या फेसाने तपासावी; काडी ओढून कदापि तपासू नये. रबरी नळी प्रमाणित असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपण्यापूर्वी बदलावी. ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारी व्यवस्था कपाटात असते. पेटविताना बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, ते याच कारणाने. ते बटण दोऱ्याने बांधून ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याला कोंडून ठेवणे होय. व्यवसायासाठी चालविल्या जाणाऱ्या वाहनात घरगुती अनुदानाचा सिलिंडर वापरू नये. राहत्या भागात गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारी यंत्रे बसवावीत. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये.

आषाढी-कार्तिकीला दिंड्यांबरोबर येणाऱ्या वाहनांतही सिलिंडर असतात. त्यांत शीतकपाट नसले तरी सुरक्षिततेच्या या सूचना त्यांनाही तितक्याच लागू आहेत.

निवासवाहनाचे तळ उभारणाऱ्या ग्रामपंचायतींनी आणि उद्योजकांनीही या यंत्राच्या गरजा ध्यानात घ्याव्यात. सम केलेली जमीन, दुपारच्या सावलीसाठी पश्चिम कडेला लावलेली कडुनिंबाची रांग आणि विजेची एक सुरक्षित जोडणी एवढ्या तीन सोयी असल्या, तर मे महिन्यातही पाहुण्यांचे दूध नासणार नाही आणि रुग्णाचे औषध वाया जाणार नाही. वाहनधारकाने आपल्या परीने पाणसळ, ब्रश, तापमापक आणि साबणाचे पाणी या चार साध्या वस्तू जवळ बाळगाव्यात. कपाट गार होत नाही असे दिसताच ज्योत वाढविण्यापूर्वी वाहनाला एक फेरी मारून मागचे झरोके पाहावेत, आणि तेथून सुरुवात करून एकेक गोष्ट तपासत ज्योतीपर्यंत यावे.